नावेलकरांची सही

कलेच्या इतिहासलेखनात ‘राष्ट्र’ ही कोटी इतकी गृहीत धरलेली असते, की तिच्यात न मावणारा चित्रकार गुणांच्या चर्चेपर्यंत पोहोचतच नाही. वामन नावेलकर (१९२९–२०२१) यांची कारकीर्द या दृष्टीने तपासण्याजोगी आहे.

बार्देशातील पोंबुर्पा येथे, पोर्तुगीज अमलाखाली जन्मलेले नावेलकर पन्नासच्या दशकात शिष्यवृत्तीवर लिस्बनच्या कलाविद्यालयात गेले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. भारताचा निषेध करणाऱ्या निवेदनावर सही करण्यास त्यांनी नकार दिला आणि शिष्यवृत्ती गेली. पुढे ते मोझांबिकमध्ये शिक्षक झाले. १९७५ साली तो देश स्वतंत्र झाल्यावर नव्या राजवटीने त्यांना छावणीत डांबले. सुटकेनंतर ते लिस्बनला पोहोचले, परंतु चित्रांची पेटी प्रवासात गहाळ झाली. ऐंशीच्या दशकात ते पोंबुर्प्याला परतले.

पेटीच्या या घटनेकडे समीक्षेने केवळ करुण प्रसंग म्हणून पाहू नये. चित्रकाराचा ‘विकास’ टप्प्याटप्प्याने मांडण्याची आपली रूढ रीत येथे निरुपयोगी ठरते, कारण मधले टप्पेच उरलेले नाहीत.

याच बार्देशातले, साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सूझा १९४९ साली लंडनला गेले. तरी भारतीय आधुनिकतेच्या इतिहासात त्यांचे स्थान अबाधित राहिले. प्रतिभेचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही, पण त्याआधी १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह गट स्थापन झाला होता, हेही विसरता येत नाही. नावेलकरांना मुंबई लाभली नाही. (बुलढाण्यासारख्या जिल्ह्यातील कलेचा शोध घेणाऱ्यास ही अडचण नवी नाही: संस्था नाही, म्हणून नोंद नाही.) भारतीय इतिहासाला ते पोर्तुगीज वाटले, पोर्तुगीज इतिहासाला वसाहतीतले, आणि मोझांबिकला परके.

त्यांच्या चित्रांत ख्रिस्त, हिंदू देवता आणि आफ्रिकी माणसे एकाच लवचिक रेषेतून साकारतात. याला ‘संस्कृतिसंगम’ म्हणणे सोपे आहे; मला तो शब्द अपुरा वाटतो. संगमात प्रवाह स्वेच्छेने मिळतात. येथे प्रत्येक स्थलांतरामागे एखादी राजवट उभी आहे, आणि रेषा तेवढी चित्रकाराच्या स्वाधीन आहे. सहीसुद्धा त्यांनी स्वतःची ठेवली नाही. ज्या हाताने निवेदनावर नाव लिहायचे नाकारले, तोच हात चित्राखाली ‘गणेश’ लिहीत राहिला. ते त्यांच्या दिवंगत धाकट्या भावाचे नाव होते.