जळक्या ग्रीसचा वास : माउंटन बाइकची जन्मकथा

१/ माउंटन बाइक जन्मली ती कारखान्यात नव्हे, डोंगरउतारावर. कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात माउंट टॅमलपायस उभा आहे. पायथ्याशी म्यूर वुड्सचे रेडवुड अरण्य, पश्चिमेस पॅसिफिक महासागर.

२/ १९७०च्या दशकात येथील काही तरुण तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या, जाड टायरांच्या जुन्या सायकली मिळवून वणवा-नियंत्रणासाठी काढलेल्या कच्च्या रस्त्यांवरून खाली सोडत.

३/ २१ ऑक्टोबर १९७६. फेअरफॅक्स गावाजवळ पहिली ‘रीपॅक’ शर्यत. सुमारे ३.४ किलोमीटरांत ४०० मीटरांची उतरण! पायडल उलटे दाबून लावायचे ब्रेक इतके तापत की हबमधील ग्रीस जळून धूर निघे. मग ते नव्याने भरावे लागे. शर्यतीचे नाव त्यावरूनच पडले.

४/ १९७७ साली जो ब्रीझ यांनी अशा वाटांसाठीच नवी चौकट घडवली. १९७९ मध्ये गॅरी फिशर व चार्ली केली यांनी टॉम रिची यांच्या चौकटींवर बांधलेल्या सायकली विकण्यास आरंभ केला. १९९६ साली हा खेळ अटलांटा ऑलिंपिकमध्ये पोहोचला.

५/ मात्र जन्मभूमीतच संघर्ष पेटला. पादचारी आणि घोडेस्वार यांना वेगाची धास्ती, निसर्गप्रेमींना मातीच्या धुपेची चिंता. टॅमलपायसवरील बहुतेक अरुंद पायवाटा सायकलींना बंद राहिल्या; रुंद रस्त्यांवर ताशी १५ मैलांची मर्यादा आली.

६/ १९८८ साली कॅलिफोर्नियातच आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग संघटना स्थापन झाली. वाटा खुल्या राहाव्यात म्हणून सायकलस्वारांनी कुदळ-फावडे हाती घेतले. उतारावर हक्क सांगायचा, तर त्याची डागडुजीही आपलीच, हे त्यांना उमगले होते.