संगसाज ते कोरल ड्रॉ : शर्टावरच्या अक्षराची गोष्ट

आमच्या सोनारीत भैरवनाथाची चैत्रातली यात्रा आली, की तरुण मंडळांचे एकसारखे टी-शर्ट दिसू लागतात. उरूस, क्रिकेटचे सामने, स्नेहसंमेलन, सगळीकडे हेच. ही छपाई बहुधा स्क्रीन प्रिंटिंगची असते. ताणलेल्या जाळीवर इमल्शनचा थर देतात, वर फिल्म ठेवून उजेड दाखवतात. फिल्मच्या काळ्या भागाखालचा थर धुतल्यावर निघून जातो आणि तेवढ्याच जागेतून रंग कापडावर उतरतो. म्हणजे सगळी मदार फिल्मवर, आणि फिल्मची संगणकावरच्या फाइलवर.

ही फाइल तयार करणारा माणूस नवा वाटतो, पण उर्दू छपाईत त्याचा एक पूर्वज होऊन गेला. त्याचे नाव संगसाज.

सेनेफेल्डर या जर्मन माणसाने १७९६ च्या सुमारास शिळाछाप शोधला. तेलकट शाई आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्याच गोष्टीवर तो चालतो. कातिब खास कागदावर तेलकट शाईने मजकूर लिहायचा. दाब देऊन तो दगडावर उतरवला, की अक्षरे उलटी दिसत. तुटलेली रेघ, पुसलेला नुक्ता त्या उलट्या लिखाणातच दुरुस्त करायचा, हे संगसाजचे काम. पुस्तकावर लेखकाचे नाव असे, कधी कातिबाचेही, संगसाजचे क्वचितच.

मराठीही या दगडावरून गेली आहे. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाछापावर पंचांग छापले. पुढे देवनागरीसाठी सुबक खिळे तयार झाले आणि मराठी दगडावरून उतरली. उर्दू मात्र तिथेच राहिली. नस्तालीकमध्ये अक्षर शेजाऱ्याप्रमाणे रूप बदलते आणि शब्द तिरका खाली उतरतो; तो खिळ्यांत नीट बसेना. आपला परांडा तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि तिथे सरकारी भाषा उर्दू होती. त्या काळातली बहुतेक उर्दू पुस्तके कातिबाच्या हातची आहेत. १९८१ मध्ये नूरी नस्तालीक आले आणि हे वळण संगणकावर उमटू लागले.

रंगांची कथाही दगडाचीच. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला. तिथे देवदेवतांच्या चित्रातल्या प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे आणि सगळे ठसे नेमके एकावर एक बसावे लागत. आज तीन रंगांच्या शर्टाला तीन फिल्मा आणि तीन जाळ्या लागतात, आणि जुळणीसाठी कोपऱ्यात खुणा ठेवतात. रीत तीच.

आता आजचे. उर्दू मजकूर तसाच दुसऱ्या संगणकावर उघडला, तर अक्षरे सुटी होतात, कधी क्रमही उलटतो. जुन्या फॉन्टमधली मराठी, तो फॉन्ट तिथे नसेल तर भलतीच चिन्हे होऊन बसते. म्हणून कोरल ड्रॉमध्ये मजकूर ‘कर्व्ह’ करून द्यायचा, म्हणजे अक्षराचे चित्र होते आणि ते मोडत नाही. पण चित्र झाल्यावर शुद्धलेखन सुधारता येत नाही. तपासणी त्याआधीच हवी. बारीक नुक्ते आणि अनुस्वार जाळीत बुजतात, ते थोडे ठळक ठेवावेत. फिल्मची बाजू उलटली तर उर्दू न येणाऱ्या कारागिराला ते कळणारही नाही.

आमच्या भागातल्या एका संघाच्या शर्टावर उर्दू नाव असेच सुट्या अक्षरांत आले होते. मुलांनी ते अभिमानाने घातले, कारण त्यांच्यापैकी कोणालाच ते वाचता येत नव्हते. माझ्या मते खरी हानी तिथे आहे. लिपी नुसती सजावट उरली, की ती मोडली तरी कोणाला दुखत नाही.

संगसाज उलटे अक्षरही वाचू शकत होता, म्हणून ते दुरुस्त करू शकत होता. आपण सुलटे तरी वाचू या. फिल्म काढण्याआधी फाइलची एक प्रत कागदावर काढा आणि ती लिपी येणाऱ्या माणसाला दाखवा. गावात असा माणूस सापडत नसेल, तर शर्टाआधी मुलांना शिकवण्याचे काम करावे लागेल.