त्सुकुबा आणि ओला नमुना

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे काम निर्वात पोकळीत चालते आणि पेशीचा बहुतांश भाग पाणी असतो. निर्वातात हे पाणी झपाट्याने वाफ होऊन निघून जाते आणि पेशी चिपाडासारखी आक्रसते. म्हणून जैविक नमुना तयार करण्याचे तंत्र मुख्यतः पाण्याची विल्हेवाट लावण्याचे तंत्र ठरले. नोल आणि रुस्का यांनी १९३१ मध्ये बर्लिनला पहिले यंत्र उभारले. अख्ख्या पेशीचे चित्र प्रसिद्ध व्हायला मात्र १९४५ उजाडले.

१९५० नंतरच्या दीड दशकात कृती ठरत गेली. पलाडे यांनी १९५२ मध्ये बफरमधील ऑस्मियम टेट्रॉक्साइड रूढ केले, १९६३ मध्ये ग्लुटराल्डिहाइड आले. ऊतक या रसायनांत पक्के करायचे, चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून नेऊन त्यातले पाणी काढायचे, रेझिनमध्ये बसवायचे आणि काचेच्या किंवा हिऱ्याच्या सुरीने काप घ्यायचे. काप सुरीमागच्या पाण्यावर तरंगतात. त्यांची जाडी रंगावरून ओळखतात: रुपेरी झाक असली तर काप साधारण ६० ते ९० नॅनोमीटरचा, सोनेरी दिसला तर त्याहून जाड. ते गोळा करायला काडीच्या टोकाला चिकटवलेला पापणीचा केस वापरतात. इतक्या महागड्या यंत्राच्या खोलीत हेच अवजार सर्वांत भरवशाचे. नंतर युरेनियम आणि शिशाच्या क्षारांनी रंगवायचे. एवढ्या सोपस्कारांनंतर दिसते त्यात मूळचे किती आणि कृतीने घडवलेले किती, हा संशय कायम राहिला.

त्सुकुबाचे नाव या इतिहासात उशिरा येते. टोकियोच्या ईशान्येला, इबाराकी प्रांतात विज्ञाननगरी वसवायचा निर्णय जपान सरकारने १९६३ मध्ये घेतला. पुढे सरकारी प्रयोगशाळा तिकडे हलल्या आणि १९७३ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले. दरम्यान युरोपात दुबोशे आणि सहकाऱ्यांनी पाणी काढून न टाकता ते क्षणार्धात, स्फटिक न होऊ देता गोठवण्याची रीत बसवली. तीच वाट धरून त्सुकुबाच्या चिकारा सातो यांनी क्योटोच्या फुजियोशी आदींसह विद्युत-ईलमधील सोडियम वाहिनीची रचना २००१ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडली. हजारो धूसर प्रतिमा संगणकावर एकत्र करून मिळालेले तपशील १.९ नॅनोमीटरपर्यंतचे होते.

सातो यांनी पुढे उलटा डाव टाकला. त्यांची संस्था आणि जेओएल कंपनी यांनी मिळून केलेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सूक्ष्मदर्शकात नमुना निर्वातात जातच नाही. पेशी उघड्या बशीत, द्रवातच राहतात. बशीच्या तळाला सिलिकॉन नायट्राइडचा १०० नॅनोमीटर जाडीचा पडदा असतो. इलेक्ट्रॉन खालून, त्या पडद्यातून वर येतात आणि वरच्या बाजूला साधा प्रकाश-सूक्ष्मदर्शक असतो. हवेचा सारा दाब हा पडदा पेलतो. सुकवणे, रेझिन, काप हे तिन्ही टळले. रसायनाने पक्के करणे आणि जड धातूने रंगवणे मात्र बहुधा टळले नाही. तेही टाळण्यासाठी तिथल्याच तोशिहिको ओगुरा यांनी पाणी आणि जैविक पदार्थ यांच्या विद्युत गुणधर्मांतल्या फरकावर चालणारी पद्धत २०१४ पासून पुढे आणली.

तरी या पडद्याच्या पद्धतीला मर्यादा आहे. इलेक्ट्रॉन द्रवात दोन-तीन मायक्रोमीटरपलीकडे उपयोगी पोहोचत नाहीत, त्यामुळे पडद्याला चिकटलेला थरच नीट दिसतो. ऊतकाच्या खोल भागातली बारीक रचना पाहायची असेल, तर त्सुकुबातही रेझिन, हिऱ्याची सुरी आणि रुपेरी काप यांना रजा मिळालेली नाही.