सुरतेचे मेहताजी आणि सचोटीची कसोटी

विद्यार्थ्यांच्या वर्तनाची चर्चा आज बहुधा हजेरीची टक्केवारी आणि परीक्षेतील कॉपी या दोन मुद्द्यांभोवती फिरते. सुरतेच्या शैक्षणिक इतिहासात मात्र सचोटीची अपेक्षा शिक्षकांनी आधी स्वतःकडून केलेली दिसून येते.

मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर १८४० च्या दशकात सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक होते. तेथील गुजराती शाळेचे दुर्गाराम मेहताजी आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी २२ जून १८४४ रोजी मानवधर्म सभा स्थापन केली. मंत्राने भूत उतरवितो म्हणणाऱ्यांना सभेने जाहीर आव्हान दिले की, सर्वांसमक्ष सिद्ध करून दाखवा. पगारी शिक्षकांनी भर गावात असे म्हणणे सोपे नव्हते.

१८४६ मध्ये दादोबा मुंबईस गेले, १८५२ मध्ये दुर्गाराम राजकोटला, आणि सभा संपली. दोनचार माणसांवर उभ्या कार्याचे बहुधा असेच होते.

मुंबईत दादोबांच्या प्रेरणेने १८४९ मध्ये निघालेली परमहंस सभा मात्र गुप्त होती. सभासद जातिभेद मोडीत, पण बंद दाराआड. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी चोरीस गेली आणि सभा मोडली. बहिष्काराचे भय खरे होते, हे मान्य करूनही सुरतेतील उघडपणा येथे उरला नाही, असेच म्हणावे लागते.

त्याच १८६० मध्ये, लहानपणी दुर्गारामांच्या शाळेत शिकलेला कवी नर्मद सुरतेहून आलेल्या जदुनाथजी महाराजांसमोर विधवाविवाहाच्या प्रश्नावर मुंबईत भर सभेत वादास उभा राहिला.