मागच्या सीटवरचा माणूस

अंबडमध्ये राहणाऱ्याला हेलिकॉप्टरचं कौतुक नसतं. गांधीनगरच्या धावपट्टीवरून लष्कराची हेलिकॉप्टर्स उठतात, एमआयडीसीच्या शेड्सवरून, सिडकोच्या टाक्यांवरून घरघरत जातात आणि शाळेतली पोरं सोडली तर कोणी मान वर करत नाही. मीही करत नसे. पण परवा शनिवारी गच्चीत चहा पिताना एक बाळबोध प्रश्न पडला. उडणं हे हवाई दलाचं काम, मग ही हेलिकॉप्टर्स लष्कराची का? गांधीनगरला २००३ पासून लष्कराची स्वतःची उड्डाणशाळा आहे, आणि जवळच देवळालीला तोफखान्याची शाळा. तोफ चालवणाऱ्या माणसांचं आकाशात काय काम?

उत्तर अर्धं सोपं आहे. तोफ जिथवर मारा करते तिथवर तोफेजवळच्या माणसाची नजर पोचत नाही. मध्ये टेकडी असते, झाडी असते. गोळा कुठे पडला हे कोणीतरी पाहून सांगावं लागतं. उंचावर जाऊन पाहिलं तर उत्तमच. बाकीचं अर्धं उत्तर शोधत गेलो आणि पोचलो थेट जानेवारी १९११ मध्ये. ठिकाण : औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. आपल्या नाशिकपासून गाडीने चार-साडेचार तासांवर!

तर झालं असं, की राइट बंधूंचं पहिलं उड्डाण डिसेंबर १९०३ मधलं. त्यानंतर सहा-सात वर्षांत युरोपात विमानाचं वेड लागलं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात सर जॉर्ज व्हाइट नावाचे एक गृहस्थ होते. धंदा ट्रामचा. त्यांनी १९१० च्या फेब्रुवारीत विमानाची कंपनी काढली आणि शहराबाहेर फिल्टनला ट्रामच्या शेडमध्ये कारखाना थाटला. पहिलं मॉडेल परदेशी परवान्यावर बनवलं, ते धड उडेचना. मग त्यांनी आपल्या क्षेत्रातल्या लोकांना अतिशय ओळखीचा मार्ग पत्करला. फ्रान्समधल्या आंरी फार्माँचं विमान चांगलं चाललं होतं, त्याच्या बेतावर स्वतःचं बनवलं. फार्माँ कोर्टात जायच्या गोष्टी करू लागले, तर कंपनीचं म्हणणं, आम्ही बऱ्याच सुधारणा केल्यात! (हे वाक्य मी किती मीटिंगांमध्ये ऐकलंय ते विचारू नका.)

या विमानाला लोक 'बॉक्सकाइट' म्हणत, म्हणजे पेटीचा पतंग. जुलै १९१० च्या अखेरीस ते पहिल्यांदा उडालं आणि वर्ष संपायच्या आत कंपनीने आपली माणसं आणि विमानं दोन दिशांना रवाना केली : ऑस्ट्रेलिया आणि हिंदुस्थान. प्रॉडक्ट जेमतेम पाच महिन्यांचं आणि क्लायंट सात समुद्रांपलीकडे. हिंदुस्थानात आलेल्या मंडळींबरोबर पायलट होता आंरी ज्युलेरो, फ्रेंच माणूस. जानेवारीच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या मैदानावर त्यांनी प्रचंड गर्दीसमोर विमान उडवून दाखवलं. तिथून स्वारी आली औरंगाबादला. निजामाच्या राज्यातलं शहर, पण इंग्रजांची छावणी होती, आणि त्या महिन्यात आसपासच्या माळावर घोडदळाचा मोठा युद्धसराव चालू होता.

आता हे विमान डोळ्यांसमोर आणा. एकावर एक दोन पंख, मध्ये लाकडी खांब, खांबांमध्ये ताणलेल्या तारा, पंखांवर कापड. आपण 'उघडं कॉकपिट' म्हणतो तेव्हा निदान एक खोकं असतं, ज्यात माणूस छातीपर्यंत आत बसतो आणि समोर काचेचा तुकडा असतो. इथे खोकंच नाही. खालच्या पंखाच्या पुढच्या काठावर पायलटची बैठक, त्याच्या मागे जरा उंच दुसरी बैठक. बाजूला काही नाही, पायांखाली काही नाही. धरायला हाताशी असेल तो खांब.

प्रवाशाच्या पाठीमागे इंजिन. नोम कंपनीचं, सात सिलिंडरांचं, ५० अश्वशक्तीचं. आजच्या साध्यातल्या साध्या कारची ताकद याहून जास्त असते. या इंजिनाची गंमत अशी, की आपल्या गाडीत इंजिन जागच्या जागी राहतं आणि दांडा फिरतो. इथे दांडा पक्का आणि अख्खं इंजिन पंख्यासकट गरगर फिरायचं! का? तर फिरता फिरता सिलिंडरांना वारा लागून ती थंड राहावीत, रेडिएटर आणि पाण्याचं ओझं नको. वंगणाला तेल कुठलं, तर एरंडेल. पेट्रोलमध्ये सहज मिसळत नाही म्हणून एरंडेल. ते वापरलं की परत टाकीत येत नसे, जळक्या धुराबरोबर बाहेर फेकलं जाई. लहानपणी ज्यांना आजीने नाक दाबून एरंडेल पाजलंय त्यांना त्या विमानाभोवतीच्या वासाची कल्पना करायला फार कष्ट पडू नयेत.

रिकाम्या विमानाचं वजन साडेतीनशे किलोंच्या आसपास. त्यात एक पायलट ठीक. दुसरा माणूस बसला की सगळं गणित काठावर. औरंगाबाद समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे-पावणेसहाशे मीटर उंच आहे, म्हणजे तिथली हवा मुंबईपेक्षा पाचेक टक्के विरळ. पाच टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण ५० अश्वशक्तीत दोन माणसं उचलायची असतील तेव्हा पंखांनाही पाच टक्के कमी हवा मिळते आणि इंजिनालाही.

त्या मागच्या बैठकीवर बसला कॅप्टन सेफ्टन ब्रँकर. वय तेहतीस. खातं : तोफखाना! बोअर युद्धात लढून आलेला, तेव्हा हिंदुस्थानात नेमणुकीवर असलेला अधिकारी. त्याची ही पहिलीच फेरी, आणि तीही नुसती मजेखातर नाही. युद्धसरावात एक बाजू दुसरीला शोधत असते. शोधायचं काम शतकानुशतकं घोडेस्वारांचं. पुढे जा, टेकडीवर चढा, शत्रू दिसला की परत फिरा, दौडत या, सांगा. ब्रँकर विमानातून हेच करायला निघाला होता.

वेग ताशी ६०-६५ किलोमीटर. मुंबई-आग्रा हायवेवर बाइकने जाताना जेवढा वारा लागतो तेवढाच, फरक एवढाच की खाली रस्ता नाही. आणि समोर? मराठवाड्यातला जानेवारी आपण पाहिलेला आहे. आभाळ स्वच्छ, रब्बीच्या ज्वारीचे पट्टे, मध्ये उघडा माळ, बोडक्या टेकड्या. झाडी नाही की लपायला जागा नाही. घोड्यांची रांग चालली की धुळीचा लोट उठतो. जमिनीवरच्या माणसाला तो लोट टेकडीपलीकडे असला तर दिसत नाही. काही शे फूट वर गेलेल्या माणसाला टेकडी ही टेकडी राहतच नाही, नकाशावरची रेघ होते. ज्या बातमीसाठी घोडा तास-दोन तास दौडवावा लागला असता ती त्या माणसाला नुसती मान फिरवून दिसते.

मला या प्रसंगात सगळ्यात जास्त रस कशात वाटला सांगतो. डेमो म्हणून पाहिलं तर ही मोहीम काही फार यशस्वी नव्हती. सरकारने लगोलग विमानं विकत घेतली, असं झालं नाही. हिंदुस्थानात लष्कराची उड्डाणशाळा निघायला पुढे १९१४ साल उजाडलं, तीही सीतापूरला, आणि तेवढ्यात महायुद्ध सुरू होऊन तिथली माणसं आणि विमानं इजिप्तकडे गेली. कलकत्त्यात ज्या हजारोंनी विमान पाहिलं त्यांनी टाळ्या वाजवल्या असतील आणि घरी गेले असतील. पण औरंगाबादला एका माणसाने ते खालून पाहिलं नाही, त्याच्यावर बसून पाहिलं. आणि तो माणूस कामाचा निघाला.

ब्रँकरने १९१३ मध्ये स्वतः पायलटचं लायसन्स काढलं. महायुद्ध सुरू झाल्यावर लंडनच्या युद्धखात्यात बसून त्याने विमानदळ उभं करायचं काम केलं : माणसं, कारखाने, पुरवठा. युद्ध संपेपर्यंत मेजर जनरल. १९२२ मध्ये ब्रिटनच्या नागरी विमान वाहतुकीचा संचालक. १९२४-२५ च्या हिवाळ्यात अ‍ॅलन कोबॅम या पायलटबरोबर तो लंडनहून हिंदुस्थानमार्गे रंगूनपर्यंत विमानाने गेला, पुढच्या हवाई मार्गांची पाहणी करायला. विमान दुपंखीच. फक्त आता प्रवाशांना बंद केबिन होती आणि उघड्यावर वारा खात बसला होता पायलट.

आणि १९२५ मध्ये त्याच्या खात्याने आणखी एक गोष्ट केली, जी आपल्यापर्यंत येऊन पोचते. फ्लाइंग क्लबांना सरकारी मदत. त्याच वर्षी डी हॅविलँड कंपनीचं 'मॉथ' हे छोटं विमान आलं होतं. दोन उघड्या बैठका, एकामागे एक, घडी होणारे पंख. सामान्य माणसाने (बरं, सामान्य श्रीमंत माणसाने) शिकावं असं विमान. क्लबची ही कल्पना काही वर्षांत इकडेही आली. १९२८ मध्ये जुहूला बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला.

हे महत्त्वाचं का, ते समजायला पुन्हा औरंगाबादच्या माळावर जाऊ. त्या दिवशी खाली घोड्यांवर जे शेकडो जण होते त्यातले बहुतेक स्वार हिंदी होते. हुकूम देणारे अधिकारी इंग्रज. सैन्यात बरोबरीच्या दर्जाचं, 'किंग्ज कमिशन' म्हणतात ते, हिंदी माणसाला मिळायला १९१७ उजाडावं लागलं. म्हणजे विमान आलं आपल्या माळावर, मागची बैठक रिकामी होती, पण त्या बैठकीसाठी आपल्यातल्या कोणाचं नाव पुढे येईल अशी व्यवस्थाच नव्हती. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडायला लागली तेव्हा इंद्रलाल रॉय, हरदित सिंग मलिक अशा मोजक्या हिंदी तरुणांना विमानदळात जागा मिळाली. रॉय जुलै १९१८ मध्ये लढताना मारला गेला, वय एकोणीस.

फ्लाइंग क्लबने ते दार किलकिलं केलं. १९२९ च्या सुरुवातीला जुहूला एक चोवीस वर्षांचा तरुण आला आणि पावणेचार तासांच्या शिकवणीनंतर त्याने विमान एकट्याने उडवलं. १० फेब्रुवारी १९२९ ला त्याला लायसन्स मिळालं, त्यावर क्रमांक १. नाव जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा. पुढच्याच वर्षी इंग्लंड ते हिंदुस्थान एकट्याने उडायची आगाखानांची स्पर्धा झाली. टाटा कराचीहून निघाले होते, अ‍ॅस्पी इंजिनियर हा कोवळा तरुण उलट्या दिशेने येत होता. दोघंही मॉथमध्ये. इजिप्तमधल्या अबुकीरला गाठ पडली. इंजिनियरकडे स्पार्क प्लग नव्हते, टाटांनी आपल्याजवळचे दिले. स्पर्धा इंजिनियरने जिंकली! हाच माणूस १९६० मध्ये भारताचा हवाई दलप्रमुख झाला.

औरंगाबादच्या त्या फेरीपासून हे अंतर एकोणीस वर्षांचं. आता आपली माणसं मागे नव्हती, पुढे होती.

ब्रँकरचं काय झालं? ऑक्टोबर १९३० मध्ये इंग्लंडहून 'आर १०१' हे अवाढव्य हवाई जहाज निघालं. जायचं होतं कराचीला. ब्रँकर त्यात प्रवासी होता. ५ ऑक्टोबरच्या पहाटे फ्रान्समध्ये बोव्हेजवळ ते कोसळून पेटलं. ५४ पैकी ४८ जण गेले, त्यात तोही. पहिली फेरी हिंदुस्थानात, शेवटची हिंदुस्थानच्या वाटेवर. आणि अशा गोष्टीचं काय करायचं हे मला खरंच कळत नाही, म्हणून नुसती लिहून ठेवतो.

तोफखान्याचा धागा मात्र तुटला नाही. १ एप्रिल १९३३ ला हिंदी हवाई दलाची पहिली तुकडी कराचीत उभी राहिली, तिच्याकडे चार 'वापिटी' विमानं होती. दुपंखी, उघड्या बैठकांची, काम जमिनीवरच्या फौजेला मदत करायचं. दुसऱ्या महायुद्धापासून तोफखान्याचे अधिकारीच छोटी विमानं घेऊन वर जायला लागले आणि गोळे कुठे पडतायत ते सांगू लागले. स्वातंत्र्यानंतर हे काम आपल्याकडेही चालू राहिलं आणि त्यातूनच १ नोव्हेंबर १९८६ ला लष्कराचं स्वतंत्र उड्डाणदळ झालं, आर्मी एव्हिएशन कोअर. त्याची शाळा ती आपली गांधीनगरची.

म्हणजे माझ्या गच्चीवरून जे गेलं त्यात बसून खाली बघणारा माणूस आणि खांबाला धरून बसलेला तो कॅप्टन, दोघांचं काम एकच.

ऑफिसात आम्ही डेमो देतो तेव्हा खोलीत वीस जण असतात. स्लाइड्स, टाळ्या, समोसे. आणि आम्ही मोजतो काय, तर किती जण आले होते. औरंगाबादची गोष्ट वाचल्यापासून वाटतंय की मोजायचं असेल तर वेगळंच मोजावं. आपण मागच्या बैठकीवर कोणाला बसवलं? आणि कोणाला बसवायचं आपल्या डोक्यातसुद्धा आलं नाही?

असो. चहा निवला, हेलिकॉप्टर देवळालीच्या दिशेने गेलं. खालच्या मजल्यावरचं पोरगं अजून हात हलवत होतं. या वेळी मीही हलवला.