समदुःखी माणसाचा शोध

१९३५ सालच्या मे महिन्यातील ही गोष्ट. अमेरिकेतील ॲक्रन गावी एका हॉटेलात बिल विल्सन हा शेअरबाजारी गृहस्थ एकटाच उभा होता. धंद्यात अपयश पदरी आलेले, आणि शेजारीच मद्यगृह! दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. अशा वेळी उपदेशक काय कामाचा? त्याला हवा होता आपल्यासारखाच दुसरा दारुडा. एका पाद्र्याला त्याने टेलिफोन केला आणि माणसामागून माणूस विचारीत तो डॉ. बॉब स्मिथ यांच्यापर्यंत पोहोचला. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेले डॉक्टर कित्येक तास बसले. 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस'चा उगम तो हाच. जयपूरसारख्या शहरांतही पुढे तिच्या बैठका भरू लागल्या. तेथे फी नाही, आडनावाची चौकशी नाही.

२९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट यांनी पुण्यात 'मुक्तांगण' उघडले. व्यसनातून सुटलेलेच तेथे नव्यांचे सोबती झाले. दारू एक जण पितो, भोगते सारे घर. म्हणून पत्नींसाठी 'सहचरी' हा गट निघाला. खरी कसोटी मात्र घरी परतल्यावर. त्यासाठी पाठपुराव्याच्या बैठका आल्या, आणि व्यसनमुक्तीचे वर्ष पुरे करणाऱ्याचा वाढदिवस सर्वांदेखत साजरा होऊ लागला.