खुडूक

तर झालं असं. दिवाळीला पेठ तालुक्यात आजीकडे (आईचं माहेर) गेलो होतो. लॅपटॉप मुद्दाम नेला नव्हता, त्यामुळे दुपारी काहीच काम नाही. पडवीत डालग्याखाली एक काळपट गावरान कोंबडी अंड्यांवर बसलेली दिसली. अंडी चांगली मोठाली.

"आजी, ही एवढी मोठी अंडी देते?"

"तिची नाहीत रे. त्या गिरिराजची. ती देते खूप, पण बसतच नाही. म्हणून हिला बसवलंय."

म्हणजे अंडी एकीची आणि उबवणारी दुसरीच. आऊटसोर्सिंग! :) नाशिकला परत आलो तरी हे डोक्यातून जाईना, म्हणून दोन वीकेंड यावरच वाचत बसलो. जे सापडलं ते सांगतो.

आधी 'खुडूक' म्हणजे काय ते, कारण माझ्या टीममधल्या निम्म्या लोकांना हा शब्द माहीत नव्हता. गावरान कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते आणि मग तिला एकदम आईपण आठवतं. अंडी देणं बंद. खुराड्यात अंग फुलवून बसते, हात लावला तर टोचते. २१ दिवस अंडी उबवायची, नंतर महिना-दोन महिने पिल्लं सांभाळायची, त्यांना घारीपासून वाचवायचं. म्हणून वर्षाला तिची अंडी भरतात जेमतेम ६०-७०. अंडी विकायची असतील तर खुडूक ही कटकट. त्यावर आजीचा उपाय म्हणजे कोंबडीला धरून बादलीत बुचकळायचं. डोकं (खरं तर बूड) थंड झालं की येते ताळ्यावर.

जगभरच्या शेतकऱ्यांना हवी होती तशी कोंबडी, म्हणजे अंडीही बरी, मांसही बरं आणि ऊनपावसात टिकणारी, ती तयार झाली अमेरिकेत ऱ्होड आयलंड नावाच्या चिमुकल्या राज्यात. १८५० च्या दशकात लिटल कॉम्प्टन गावच्या विल्यम ट्रिपने एका खलाशाकडून तांबडा मलाया कोंबडा घेतला आणि आपल्या कोंबड्यांत सोडला, असं सांगतात. त्यापुढे शेजारच्या शेतकऱ्यांनी पन्नासेक वर्षं निवड करत नेली. अमेरिकेतल्या पोल्ट्री संघटनेने १९०४ मध्ये 'ऱ्होड आयलंड रेड' ही अधिकृत जात मानली. १९५४ मध्ये ती त्या राज्याचा राज्यपक्षी झाली. राज्यपक्षी म्हणून कोंबडी!

थोडं विषयांतर. या कोंबडीचे पाय पिवळे असतात. कोंबड्यांतला हा पिवळा रंग कुठून आला, याचा शोध २००८ मध्ये उप्सालाच्या संशोधकांनी लावला. पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा, पण हा जनुक त्याचा नाही. तो राखी रानकोंबड्याचा, म्हणजे आपल्या सह्याद्रीत पहाटे ओरडतो त्याच्या जातीचा. त्र्यंबकच्या बाजूला ट्रेकला गेलात तर कान देऊन ऐका.

असो. पुढची गोष्ट तर आणखी मजेशीर आहे. न्यू हॅम्पशायर राज्यातल्या लोकांनी ऱ्होड आयलंड रेडमधूनच निवड करून आपली वेगळी जात काढली, तिला १९३५ मध्ये मान्यता मिळाली. तिकडे इंग्लंडात कॉर्नवॉलमध्ये आपल्याकडचा झुंजीचा असील वापरून भरदार छातीची 'कॉर्निश' तयार झाली होती. आणि १९८० च्या दशकाच्या शेवटी बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने न्यू हॅम्पशायर, रेड कॉर्निश आणि व्हाइट प्लायमाउथ रॉक यांच्या संकरातून परसासाठी कोंबडी काढली, तीच ही गिरिराज. पाठोपाठ हैदराबादच्या सरकारी कुक्कुट संशोधन संस्थेची वनराजा आली. म्हणजे पूर्वेकडचंच रक्त जहाजातून गेलं, जगाला वळसा घालून पेठला परत आलं. वर्षाला १३०-१५० अंडी, तीन किलोच्या आसपास कोंबडा, रंगीत पिसं, उकिरड्यावर चरून जगणारी. वाईट काहीच नाही.

फक्त या प्रवासात खुडूक गळून पडलं. जी बसत नाही तीच जास्त अंडी देते, तिचीच पिल्लं पुढे ठेवायची. शंभर वर्षं हेच केल्यावर दुसरं काय होणार? शिवाय संकरित असल्याने तिची अंडी उबवून निघालेली पिल्लं आईसारखी निघतीलच असं नाही. म्हणजे दर वेळी पिल्लं हॅचरीतूनच आणा. आमच्या भाषेत सांगायचं तर गावरान कोंबडी ओपन सोर्स होती आणि ही दरवर्षी रिन्यू करायच्या लायसन्सवर चालते. बिया विकत घेणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. विद्यापीठाला मी दोष देत नाहीये. हाती पैसा हवा असलेल्या बाईला दुप्पट अंडी नको कशी असतील?

पण एक गोष्ट आठवते. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला भारतातला पहिला बर्ड फ्लू सापडला. मी तेव्हा तिसरीत होतो, आमच्या घरी चिकन बंद झालं एवढंच मला कळलं. नवापुरात मोठ्या पोल्ट्रीतल्या लाखो कोंबड्या मारल्या गेल्याच, पण आजूबाजूच्या गावांत आदिवासींच्या अंगणातल्याही धरून नेल्या. ते करणं भागही होतं. पोल्ट्रीवाल्याला पुन्हा हॅचरीतून माल भरता येतो. ज्या घरातली आजीपासून चालत आलेली, बसणारी, घारीवर धावून जाणारी कोंबडी गेली, त्या घराने ती कुठून मागवायची? तिचा कॅटलॉग नाही. २०२१ मध्ये नवापूरला पुन्हा तेच झालं.

आजीच्या खुराड्यात आता सात कोंबड्या आहेत. त्यात खुडूक होणारी ती एकच काळपट. दिवाळीत पाहुणे जमले म्हणून मामाने तिच्यावर नजर ठेवली होती, कारण अंडी कमी देते ना! आजीने त्याला असं काही झापलं की आम्ही सगळे दोन दिवस डाळ-भात खाल्ला.

काल मामाचा फोन आला. बारापैकी नऊ अंडी फुटली. गिरिराजचीच पिल्लं, पण बाप शेजारचा गावरान कोंबडा. त्यातली एखादी तरी पुढे बसते का, ते आजीला बघायचंय.